सागवानावरची भाकरी

सुतारकाम धंदा म्हणून सुरू केलं तेव्हा पहिली दोन वर्षं मी नुसत्या पॅलेटवर, म्हणजे कंपन्या माल ठेवायला वापरतात त्या लाकडी चौकटींवर काढली. चाकण-भोसरीच्या कंपन्यांच्या मागच्या गेटला ढीग पडलेले असतात, वॉचमनशी ओळख असेल तर फुकट, नाहीतर भंगारवाल्याकडे शंभर-दीडशेला एक. त्यातही बघून उचलावं लागतं. परदेशी मालाच्या पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचा शिक्का असतो, त्यात एचटी असं असेल तर बिनधास्त घ्या, लाकूड आतपर्यंत ५६ डिग्रीला अर्धा तास तापवलेलं असतं. एमबी असेल तर मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली, ते मी दुकानात आणत नाही. पण काही झालं तरी ते पाईन, नखानं ओरखडा उठतो, आणि गिऱ्हाईकाला हवं असतं सागवान, तेही पाईनच्या भावात.

नवं चांगलं सागवान वखारीत घनफुटाला चार हजारांच्या आसपास सांगतात. म्हणून मग जुने वाडे. पेठेत कुठे वाडा पडतोय याचा वास घेत फिरणारे आम्ही दहा-बारा जण आहोत, सगळे एकमेकांना तोंडावर हसून नमस्कार करतो आणि पत्ता कुणीच सांगत नाही.

तर मागच्या वर्षी मे महिन्यात शुक्रवार पेठेतल्या एका वाड्याचा फोन आला. वाडा पाडायचं काम घेतलेला कॉन्ट्रॅक्टर म्हणाला सकाळी आठला या, दोन तुळया बाजूला काढल्यात. मी साडेसातलाच टेम्पो घेऊन हजर. तुळया दिसायला अशा की बघतच राहावं, नऊ बाय बारा इंच, सोळा फूट लांब, वाकसानं, म्हणजे लाकूड तासायच्या हत्यारानं केलेल्या खुणा अजून अंगावर. भाव १८०० रुपये घनफूट, कमी होणार नाही म्हणाला. मी खिशातली हातोडी काढली आणि टोकाकडून ठोकत निघालो. मधे टणटण वाजतंय आणि भिंतीत गाडलेल्या टोकाला आलं की बद्द. जुनी तुळई घेताना हे भिंतीतलं टोक बघायचंच, तिथे ओल धरते, बाहेरून रंग लावलेला असतो आणि आत सगळं पोकळ. पटाशी घातली तर मुठीपर्यंत आत गेली आणि वाळवीची माती भुरभुर खाली. एकीचं दीड फूट गेलेलं, दुसरीचं जवळपास तीन. मी म्हटलं तेवढं सोडून माप धरा. तो म्हणाला, "साहेब, लाकूड घेताय का ऑपरेशन करताय?" पूर्ण लांबीचेच पैसे हवेत. मी नको म्हटलं, तो म्हणाला नका घेऊ, दुपारपर्यंत जाईल. आणि गेलंच असणार.

रिकामा टेम्पो घेऊन परत जायचं म्हणजे भाडं अंगावर, म्हणून उगाच वाड्याच्या मागच्या चौकात डोकावलो. तिथे मजुरांनी पत्रे लावून राहायची सोय केली होती आणि एक बाई तीन विटांच्या चुलीवर भाकरी थापत होती. चुलीत घातलेलं लाकूड बाहेरून कोळशासारखं काळं. पण जळणाऱ्या टोकाला एक वास येत होता. ज्यानं सागवान कापलंय त्याला तो वास कळतो, तेलकट, थोडा चामड्यासारखा. मी तिथेच उभा राहिलो आणि चुलीकडे बघत बसलो, बाईला वाटलं असेल याला भूक लागलीय.

शेजारी ढीग होता. मागच्या स्वयंपाकघराचे वासे, तीन बाय तीनचे, नऊ नऊ फुटी, वर्षानुवर्षं चुलीचा धूर खाऊन अंगावर काजळीचा जाडसर थर बसलेला. हात लावला की हात काळा, ठिकठिकाणी खिळे. कॉन्ट्रॅक्टरनं जंगली, म्हणजे हलकंसलकं लाकूड समजून मजुरांना जळणाला देऊन टाकले होते. मी चाकूनं एकाच्या कडेला खरवडलं. आत मधासारखा रंग. दुसरा खरवडला, तोही. आणि किड्याचं एक भोक नाही कुठे, बहुतेक त्या धुराचीच कृपा. चौदा वासे मोजले. घनफुटात सांगायचं तर पावणेआठच्या वर, म्हणजे नव्याच्या भावानं तीस हजाराचा माल चुलीच्या रांगेत उभा. असंही पुण्याला सागवान जाळायची जुनी सवय आहे, १८२८ साली शनिवारवाडा जळाला तेव्हा कोणी हिशेब केला होता!

आता खरी पंचाईत. कॉन्ट्रॅक्टरला सांगितलं असतं तर त्यानं ढीग परत ओढून घेतला असता आणि मला १८०० नी विकला असता. आणि उचलून न्यावं तर ते जळण त्या लोकांचं, रोज दोन वेळ चूल पेटायची त्यावर. मी बाईला विचारलं, मावशी, हे वासे मला देता का?

"आन मी काय जाळू?"

"दुसरं जळण आणून देतो. बाभळीचं."

ती थांबली. पिठाचा हात तसाच. "बाभळीचं? खरंच?" तुळजापूरकडच्या होत्या त्या. म्हणाल्या, "ह्ये तुमचं लाकूड लई वंगाळ बगा. भसाभसा जळतंय अन इंगळच ऱ्हात न्हाई. भाकर वरनं करपती अन आत कच्ची. बाभळीच्या इंगळावर कशी टम्म फुगती!"

मला काय बोलावं कळेना. शंभर वर्षं वाळलेलं सागवान आणि तक्रार काय, तर इंगळ पडत नाही. तक्रार शंभर टक्के बरोबर होती.

भवानी पेठेत वखारीत गेलो, दीडशे किलो बाभूळ घेतली, नऊ रुपये किलोनं साडेतेराशे. चौदा वाशांचं वजनही तेवढंच भरेल असा अंदाज होता, किलोला किलो. परत येऊन उतरवली, तर मावशींनी एक ओंडका हातात घेऊन उलटापालटा केला, साल ओली नाही ना बघितलं, मग मान हलवली. मी वर हजार रुपये द्यायला गेलो तर म्हणाल्या, "कशाला? वजन बरोबर हाय की." खरं सांगतो, तेव्हा मला जरा चोरट्यासारखं वाटलं. नवरा आला, त्यानं मात्र हजार रुपये न बोलता घेतले आणि वासे टेम्पोत भरायला हातही लावला. एक वासा अर्धा जळालेला होता, तो मी पाणी मारून तसाच घेतला.

पुढचं सोपं नव्हतं. सॉ मिलवाला जुनं लाकूड बघितलं की हातच जोडतो, कारण एक खिळा राहिला की बँडसॉचं ब्लेड गेलं. दोन दिवस नाकाला फडकं बांधून तारेच्या ब्रशनं काजळी काढली, आंघोळीचं पाणी चार वेळा काळं. मग स्पीकरमधलं लोहचुंबक दोरीला बांधून प्रत्येक वाशावरून फिरवलं. जुने घडीव चौकोनी खिळे, डोकं तुटलेलं, आत दोन इंच गाडलेले, एकूण एकसष्ट निघाले. तरी एक चुकलाच. ब्लेड माझ्या नावावर. खिळ्याभोवती लोखंडानं लाकूड निळंकाळं पडतं, तो डाग रंध्यानं जात नाही, मी तो तसाच ठेवतो, गिऱ्हाईकं त्यालाच जास्त पैसे देतात.

दहा-बारा दिवसांनी त्याच बोळातून जात होतो म्हणून मावशींकडे डोकावलो. वाडा जवळजवळ सपाट झाला होता. मला बघून त्या उठल्या, "आलासा व्हय," म्हणाल्या आणि पत्र्याआडून प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला. खाली जिन्याच्या पायऱ्यांच्या फळ्या, दोन चौकटी, सहा-सात वासे नीट रचून ठेवलेले. प्रत्येकाच्या टोकाला विळ्यानं खरवडलेलं, आतला पिवळा रंग दिसेल एवढंच.

"वास बी बगितला," त्या म्हणाल्या. "आंब्याचं तिकडं चुलीपाशी ठिवलंय. पण आता एकाला दोन किलो. आन बाभूळ वाळलेली पायजे."