माजघराची फरशी : उखडण्याआधीचे दोन महिने

सातारच्या घरातली फरशी या उन्हाळ्यात बदलायची हे दिवाळीतच ठरलं होतं. घर आजोबांनी 1978 साली बांधलेलं. एकमजली, चौदा इंची विटांच्या भिंती, दोन फुटांचा जोता आणि ओटीपासून स्वयंपाकघरापर्यंत सगळी शहाबादी. मी पुण्याला असतो, त्यामुळे काम शनिवार-रविवारीच होतं. अजून एकही नवी फरशी घेतलेली नाही, पण नोंदवहीची चाळीस पानं भरली आहेत. जुन्या घरात हाच उद्योग करणाऱ्यांना त्यातलं थोडं कामाला येईल.

जानेवारी, दुसरा शनिवार

मोजमाप. माजघर 14 फूट 3 इंच बाय 11 फूट 8 इंच, म्हणजे 166 चौरस फूट. ओटी 93, स्वयंपाकघर 98, मागची खोली 110. एकूण 467, पावणेपाच ब्रासला जरा कमी (एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट).

नुसत्या लांबी-रुंदीवर थांबू नका, कर्ण मोजा. माजघराचा कर्ण हिशेबाने 18 फूट 5 इंच यायला हवा. एक भरला 18 फूट साडेसहा इंच आणि दुसरा 18 फूट साडेतीन. म्हणजे खोली गुण्यात नाही, कोपरे काटकोनात नाहीत. शहाबादीत हे इतकी वर्षं खपून गेलं, कारण तिचे सांधे जाड आणि कडा हाताने तासलेल्या. दोन मिलिमीटरच्या सांध्याच्या व्हिट्रिफाइड टाइल्स इथे भिंतीला धरून लावल्या असत्या, तर समोरच्या भिंतीशी पाचरीसारखा तुकडा निघाला असता आणि तो रोज डोळ्यांत खुपला असता. खोलीच्या मधोमध दोरी धरून, 6-8-10 फुटांचा त्रिकोण आखून काटकोन काढायचा आणि तिथून दोन्हीकडे जायचं हे त्याच दिवशी लिहून ठेवलं.

जानेवारी, तिसरा रविवार

लेव्हल. लेझर भाड्याने मिळतो, पण मी पाण्याचा पारदर्शक लेव्हल पाईप वापरला. बाबांनी एक टोक धरलं, मी दुसरं. पाईपमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर सगळी मापं चुकतात, म्हणून दर वेळी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी जुळतंय का ते बघत होतो. चारही खोल्यांच्या भिंतींवर एका पातळीत पेन्सिलीची रेघ मारली आणि दर दोन फुटांवर रेघेपासून खाली फरशीपर्यंत माप घेतलं.

स्वयंपाकघराच्या दाराशी 98.6 सेंटिमीटर. माजघराच्या मोरीकडच्या कोपऱ्यात 102.9. म्हणजे तो कोपरा 43 मिलिमीटर खाली. तिथलं कपाट कायम पुढे झुकायचं आणि आई त्याच्या पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारायची. आम्ही सगळे इतकी वर्षं दोष कपाटाला देत आलो.

मग हातोडीच्या लाकडी मुठीने एकेक फरशी वाजवली. घट्ट बसलेली फरशी टणक वाजते, खाली पोकळी असेल तर बद्द. बद्द वाजली की खडूने गोल. संध्याकाळी माजघरात अकरा गोल होते आणि सगळे त्या एका कोपऱ्यातून स्वयंपाकघराच्या भिंतीकडे सरकत गेलेले. मागच्या खोलीत एकही नाही.

फेब्रुवारी, पहिला आठवडा

ओल तपासायची सोपी रीत आहे. दोन फूट बाय दोन फूट जाड प्लॅस्टिक फरशीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद चिकटवायचं आणि दोन-तीन दिवस हात लावायचा नाही. मी चारही खोल्यांत एकेक लावून पुण्याला गेलो. मंगळवारी आईचा फोन आला. तीन प्लॅस्टिकं कोरडी, माजघरातल्या कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकखाली मात्र थेंब.

फेब्रुवारीत साताऱ्यात पावसाचा पत्ता नसतो. पावसाळ्यात थेंब दिसले असते तर जमिनीतली ओल वर चढतेय म्हणून सोडून दिलं असतं. कोरड्या दिवसांत एकाच जागी ओल म्हणजे तिथे रोज कुठून तरी पाणी येतंय. भिंतीपलीकडे काय आहे? मोरी.

फेब्रुवारी, तिसरा शनिवार

मिस्त्रींना बोलावलं. आजोबांच्या वेळी घराचं काम करणाऱ्या गवंड्याचे ते पुतणे. त्यांनी फरशी वाजवूनच मान हलवली. म्हणाले, "आधी एक काढून बघू, मग किमतीचं बोलू." मला हे फार पटलं. याआधी दोघे येऊन गेले होते. दोघांनीही न वाजवता, न मोजता जुन्यावरच टाइल चिकटवायचा दर सांगितला होता.

कोपऱ्यातली एक फरशी सांध्यात छिन्नी घालून, पहारीखाली लाकडाचा ठोकळा देऊन उचलली. दोन फुटी शहाबादी सव्वा इंच जाड असली तर तिचं वजन सत्तावीस-तीस किलोपर्यंत जातं. दोघांनीच उचला आणि कंबरेतून वाकू नका. खाली दोन इंच चुन्याचा थर निघाला, त्याखाली चार बोटं मोकळी जागा आणि त्याखाली ओला मुरूम. सोलिंग (दगडांचा ठोकून बसवलेला थर) नाही, काँक्रीट नाही. हात घातला तर मोरीच्या भिंतीकडून गार पाझर लागत होता.

खात्री करायला मोरीत बादलीभर पाण्यात नीळ कालवून ओतली. दोन तासांनी खड्ड्याच्या कडेला निळसर पाणी उतरलं. मोरीतून बाहेर जाणारा चिनी मातीचा पाईप भिंतीखालच्या सांध्यात सुटला होता. रोजचं सांडपाणी त्यातून झिरपत होतं आणि मुरमातली बारीक माती वाहून नेत होतं. वरची फरशी चुन्याच्या थराच्या जोरावर तशीच टिकून राहिली होती. त्या खड्ड्याकडे बघताना मला खरंच भीती वाटली. यावर नवी टाइल चिकटवली असती तर ती दोन-तीन पावसाळ्यांत तडकली असती आणि खालची पोकळी वाढतच गेली असती.

त्यानंतर कामाचा क्रमच बदलला. आधी मोरी, मग भराव, शेवटी फरशी.

मार्च, पहिले दोन आठवडे

कोणती फरशी, यावर घरात दोन मतं होती. बाबांना शहाबादीच हवी. उन्हाळ्यात दुपारी तिच्यावर उघड्या अंगाने पडायचं सुख त्यांना सोडायचं नाही. आईला स्वयंपाकघरात तेल-हळदीचा डाग न पिणारी जमीन हवी. दोघांचंही बरोबर आहे. शहाबादी हा चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबू-चिंचेने त्यावर पांढुरके डाग उठतात. (म्हणूनच ती ॲसिडने कधीही धुऊ नका. दगडच खाल्ला जातो.) व्हिट्रिफाइड टाइल अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी पाणी पिते, म्हणून डाग बसत नाही. पण गुळगुळीत टाइल ओली झाली की आईच्या गुडघ्यांचं काय, या विचाराने मॅट फिनिश ठरवलं.

निर्णय असा : माजघर आणि ओटीत शहाबादी, स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीत व्हिट्रिफाइड. स्वयंपाकघरातून निघणाऱ्या शहाबाद्या माजघरातल्या सहा तडकलेल्यांच्या जागी जातील. एकाच वेळी आलेला, तेवढीच वर्षं वापरलेला दगड असल्यामुळे रंग जुळेल. नव्या लॉटशी तो जुळला नसता.

टाइलचा हिशेब करताना एक बघा. दोन बाय दोनचा चार टाइलचा बॉक्स दुकानात सोळा चौरस फुटांचा म्हणून सांगतात. टाइल असते 600 मिलिमीटरची, त्यामुळे बॉक्स भरतो साडेपंधरा. आमचे 208 चौरस फूट, कापण्यासाठी दहा टक्के जास्त, म्हणजे 15 बॉक्स. सगळे एकाच बॅचचे आणि शेडचे घेणार. पाणी न पिणारी टाइल सिमेंटच्या रबडीवर नीट पकडत नाही, तिला टाइप 2 किंवा त्यावरचं ॲडेसिव्ह लागतं आणि ते दातेरी थापीने ओढावं लागतं. त्यासाठी खालचा कोबा (सिमेंटचा थर) इतका सपाट हवा, की सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फिरवली तर खाली 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसू नये.

मार्च, चौथा रविवार

मोरीचा पाईप बदलून झाला. भिंतीखाली एकही सांधा येणार नाही असा सलग पीव्हीसीचा तुकडा टाकला आणि बाहेर चेंबर बांधलं. मग पाईपचं तोंड बंद करून पाणी भरलं आणि खूण केली. चोवीस तासांत पाणी खुणेवरून हललं नाही.

आता खोदाईचा हिशेब. स्वयंपाकघराच्या दाराशी आज जी पातळी आहे तीच तयार फरशीची ठेवायची, नाहीतर सागवानी दार खालून तासावं लागेल. तिथून खाली उतरत गेलो : दगड सव्वा इंच, सिमेंट-वाळूचा माल दीड, काँक्रीट चार, सोलिंग सहा. जवळपास 13 इंच. खोदाई फक्त माजघर आणि स्वयंपाकघरात. तिथून पावणेतीन ब्रासच्या आसपास (इथे ब्रास म्हणजे शंभर घनफूट) चुना-मुरूम निघेल. मागच्या खोलीत तळ घट्ट आहे, तिथे दगड काढून फक्त कोबा.

काँक्रीट 1:4:8 (सिमेंट, वाळू, खडी). त्याला 9 पोती सिमेंट, 42 घनफूट क्रश सँड, 84 घनफूट खडी. सोलिंगवर धुमस (ठोकून दाबायचं अवजार) फिरवून झाल्यावर वाळवीचं औषध आणि काँक्रीटखाली प्लॅस्टिकचा जाड कागद. काँक्रीटवर निदान सात दिवस ओली गोणपाटं. एप्रिलच्या उन्हात दिवसातून तीनदा पाणी मारावं लागेल, ती जबाबदारी बाबांनी घेतली आहे.

काल माजघरातल्या फरश्यांना नंबर दिले. तेलखडूने प्रत्येकीवर ओळ आणि क्रमांक, आणि वहीत नकाशा. नंबर पुसले तर म्हणून फोटोही काढले. कपाट मागच्या खोलीत गेलं, देव ओटीवरच्या कोनाड्यात, आणि गॅस-शेगडी तात्पुरती पडवीत. कापायच्या यंत्राला पाण्याची नळी जोडून पाहिली, कारण कोरडं कापलं तर टाइलची आणि काँक्रीटची धूळ छातीत जाते. सगळ्यांसाठी एन-95 मास्क आणले आहेत.

भिंतीवरच्या पेन्सिलीच्या रेघा पुसायच्या नाहीत असं आईला बजावलंय. शनिवारी सकाळी सात वाजता मिस्त्री आणि दोन बिगारी येणार. पहिली फरशी निघेल ती 4-7, कोपऱ्यातल्या खड्ड्याशेजारची.