मुंबईचा रेड अलर्ट पाहून परभणीचा बेत मोडू नका

भाद्रपदात महालक्ष्म्यांना गावी निघायचं म्हटलं की आमच्याकडे फोनाफोनी सुरू होते. कल्याणात पाऊस थांबायचं नाव घेत नाही, टीव्हीवर रुळांवरचं पाणी दाखवतात, आणि परभणीहून मामा विचारतात, "तिकडं कितीबी पडू द्या, इथं सोयाबीन वाळायलंय. निघालात का नाही?" दोन्ही खरं असतं. कल्याणवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ६१ मुरबाड, माळशेज, अहिल्यानगर, पाथर्डी, माजलगाव, पाथरी करत परभणी-नांदेडकडे जातो. एकाच दिवसात या रस्त्यावर किनारा, डोंगर आणि पर्जन्यछाया अशी तीन हवामानं लागतात. हवामान खातं कोकण, मध्य महाराष्ट्र आणि मराठवाडा यांचे अंदाज वेगवेगळे देतं. बातम्यांत मात्र सरसकट "राज्यात मुसळधार" येतं आणि माणसं तिकिटं रद्द करतात.

आम्ही पहाटे निघालो. मुरबाडपर्यंत पाऊस होता, पण गाडी चालवता येण्यासारखा. माळशेज सुरू झाला आणि धुक्यात पुढच्या ट्रकचे फक्त मागचे दिवे दिसायला लागले. या टप्प्यासाठी ठाण्याचा इशारा तर बघाच, पण पुणे जिल्ह्यासाठी "घाट" म्हणून जो वेगळा इशारा निघतो तोही बघा. शहरात पिवळा आणि घाटात नारंगी, असं पावसाळ्यात कितीतरी वेळा असतं. लाल असेल तर घाट टाळा, त्यात शौर्य नाही. नारंगी असेल तर उजेडातच पार करा आणि कड्याखाली गाडी थांबवू नका. धबधब्याखाली फोटो काढणाऱ्यांच्या डोक्यावरच दरड असते, हे त्यांना कोण सांगणार!

घाट संपल्यावर पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूनं जाताना भुरभुर होती. ओतूरला वायपर बंद केले, आळेफाट्याला काचा खाली घेतल्या. अरबी समुद्रावरून आलेलं बाष्पाचं वारं सह्याद्री चढताना थंड होतं आणि पश्चिमेच्या उतारावरच रितं होतं. पलीकडे उतरताना ते तापतं, ढग विरतात. जून ते सप्टेंबरात कोकणात सरासरी २८०० मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो, मराठवाड्यात साडेसहाशेच्या आसपास. त्यातही आष्टी-पाटोद्याकडे कमी आणि पूर्वेला नांदेड-किनवटकडे बराच जास्त. मराठवाडा म्हणजे वाळवंट नव्हे, पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते याच प्रदेशात. पाथर्डीला चहा घेतला तेव्हा ऊन चटके देत होतं आणि आईनं स्वेटर काढून माझ्या मांडीवर टाकला होता.

माजलगाव सोडल्यावर ढालेगावजवळ गोदावरी ओलांडताना सगळे गप्प झाले. आभाळ कोरडं, पाथरीकडची वावरं कोरडी आणि पात्र मात्र भरून गढूळ वाहणारं. हे पाणी इथल्या पावसाचं नव्हतं. त्र्यंबक-इगतपुरीकडे डोंगरात जोर झाला की गंगापूर, दारणा भरतात, नांदूर मधमेश्वरवरून पाणी पैठणला जायकवाडी धरणाच्या नाथसागरात येतं, आणि जायकवाडी भरत आलं की दरवाजे उघडतात. म्हणून गोदाकाठच्या गावांना जाणाऱ्यांनी आपल्या गावाच्या पावसाबरोबर जायकवाडीचा विसर्गही बघावा. पात्रात आंघोळीला उतरण्याआधी तर नक्कीच, मग आभाळ कितीही निळं असो.

आता मुद्द्याचं. मराठवाड्यात जाणाऱ्यानं मुंबईकडे बघण्यापेक्षा बंगालच्या उपसागराकडे बघावं. इथला मोठा पाऊस बऱ्याचदा तिकडून येतो. ओडिशा-आंध्रच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचा पट्टा तयार होऊन पश्चिमेकडे सरकला आणि त्यानं तेलंगणातून वाट धरली, तर दोन-तीन दिवसांत नांदेड, लातूर, धाराशिव, बीडला झोडपून काढतो. तोच उत्तरेकडून मध्य प्रदेशात गेला तर इथं आभाळ भरून येतं आणि तसंच निघून जातं. २०२१ मध्ये 'गुलाब' चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर धडकलं आणि लगेच मराठवाड्यात पूर आले. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेच्या पुरानं परंड्याकडची गावं वेढली. त्यामुळे जुलैत मुंबई तुंबली तरी बिनधास्त या, पण उत्तरा-हस्त नक्षत्रात, म्हणजे साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून पुढे, "उपसागरात कमी दाब" असं वाक्य ऐकलं की बेत दोन दिवस पुढे ढकला. मामा अजून पंचांगातलं नक्षत्राचं वाहन बघतात. मी हवामान खात्याचा जिल्हावार पाच दिवसांचा अंदाज बघतो. हस्ताच्या पावसाबद्दल आमचं एकमत आहे.

लक्ष्म्या उठल्यावर आम्ही बीडकडे फिरून आलो. मांजरसुंब्याजवळचं कपिलधार आणि पाटोदा तालुक्यातलं सौताडा ही बालाघाटातली ठिकाणं. दोन्ही धबधबे जवळपासच्या पावसावर चालतात, म्हणून सप्टेंबरातच यावं. आम्हाला कपिलधारला मन्मथस्वामींचं दर्शन झालं, धार बारीक होती. सौताड्याला विंचरणा नदी दरीत उडी घेते, खाली रामेश्वराचं मंदिर आहे. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, चपला घालून उतरू नका. नळदुर्गचे नर-मादी धबधबे बघायचे असतील तर बोरी धरण भरलं का, एवढंच विचारा. ते ओसंडल्याशिवाय किल्ला आणि पाणीमहाल दिसतो, धबधबा नाही.

इथला पाऊस दुपारनंतर येतो आणि विजा घेऊन येतो. कोकणातल्या रिपरिपीची सवय असलेल्यांना हे लक्षात येत नाही, ती झाडाखाली जाऊन उभी राहतात. 'दामिनी' ॲप मोबाईलवर घ्या, जवळपास वीज पडत असेल तर कळतं. सकाळी फिरा, तीनच्या आत पक्क्या छपराखाली या. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर स्थानिक जीपवाला गेला म्हणून मागोमाग जाऊ नका. डांबरी सोडून पाणंदीत गाडी घालायची असेल तर आधी वाफसा झालाय का, म्हणजे चिखल सुकून माती पाय ठेवण्याजोगी झालीय का, ते विचारा. काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही, आणि पेरणी-काढणीत ट्रॅक्टर मोकळा नसतो.

परतीच्या दिवशी पुणे घाटाला लाल इशारा होता. आम्ही माळशेज सोडून जालन्याहून समृद्धी महामार्ग धरला. इगतपुरी-कसाऱ्याचा डोंगर आता सुमारे आठ किलोमीटरच्या बोगद्यातून पार होतो, त्यामुळे धुकं आणि दरडींचा घाट टळतो. टोल जास्त पडतो, दुचाकीला मनाई आहे, आणि टाकी जालन्यातच भरून घ्या.