ब्रॅकेटव्हिलला आहे काय?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. "भारतातून कुणी आलं की टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोतलं अलामो, ती ऐतिहासिक लढाईची जागा, दाखवतेस ते ठीक, पण दोन तास गाडी हाकत त्या ब्रॅकेटव्हिल गावाला कशाला नेतेस? तिथे आहे काय?" हे मला नणदेपासून शेजारच्या टेक्सन आजोबांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय. खरं उत्तर दोन शब्दांचं आहे: पाट्या आणि थडगी. पण ते ऐकून कोण गाडीत बसणार? म्हणून मी झऱ्याचं आमिष दाखवते.

झरा आहेच. लास मोरास, म्हणजे तुतीची झाडं. त्याच्या पाण्याच्या भरवशावर १८५२ साली अमेरिकन लष्कराने इथे फोर्ट क्लार्क वसवला, सॅन अँटोनियो ते एल पासो रस्त्याची राखण करायला. शेजारी ऑस्कर ब्रॅकेट नावाच्या व्यापाऱ्याने दुकान थाटलं, त्यावरून गावाला नाव पडलं. 'फोर्ट' म्हटल्यावर आपल्या माणसांच्या डोळ्यांसमोर राजगड येतो आणि इथे येऊन ती खट्टू होतात. ना बुरूज, ना तट. दगडी बराकी आणि कवायतीचं मैदान.

मला जायचं असतं ते गावाबाहेरच्या सेमिनोल स्काउट्सच्या, म्हणजे लष्करासाठी माग काढणाऱ्या तुकडीच्या, दफनभूमीत. मेस्किटची झुडपं, रणरणतं ऊन, थडग्यांवर विटलेली प्लास्टिकची फुलं. गुलामीतून पळून फ्लोरिडात सेमिनोल या मूळनिवासी जमातीच्या आसऱ्याने वसलेल्या काळ्या माणसांचे हे वंशज. पुन्हा गुलाम म्हणून धरतील या धास्तीने त्यांच्यातले बरेच जण १८५०च्या सुमारास सीमा ओलांडून मेक्सिकोत गेले, कारण तिथे गुलामी बंद झाली होती. १८७०मध्ये अमेरिकन लष्करानेच त्यांना परत बोलावलं. माग काढण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. मोबदल्यात जमीन मिळेल, असं आपल्याला कबूल केलं होतं, हे ते पिढ्यान् पिढ्या सांगत आले. जमीन मिळाली नाही. १९१४मध्ये तुकडी मोडली आणि किल्ल्याच्या हद्दीतल्या वस्तीतूनही त्यांना उठवलं.

या एवढ्याशा जागेत मेडल ऑफ ऑनर, म्हणजे अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले चौघे आहेत. त्यातल्या तिघांची गोष्ट एकाच दिवसाची. २५ एप्रिल १८७५, पेकॉस नदीचा काठ. स्काउट्सचा अधिकारी लेफ्टनंट बुलिस आणि तीन स्काउट एका टोळीवर चालून गेले, पण समोरची माणसं फार निघाली. माघार घेताना बुलिसचा घोडा निसटला. सार्जंट जॉन वॉर्ड मागे वळला आणि साहेबाला आपल्या घोड्यावर ओढून घेतलं. पॉम्पी फॅक्टर आणि आयझॅक पेन गोळ्या झाडत राहिले. चौघेही जिवंत सुटले.

चौथा अ‍ॅडम पेन. त्याच्या दगडावर पदकाचा उल्लेख आहे, मरण कसं आलं याचा नाही. १८७७च्या नव्या वर्षाच्या दिवशी याच वस्तीत क्लॅरॉन विंडस या डेप्युटी शेरीफने त्याला गोळी घातली, इतक्या जवळून की कपड्यांनी पेट घेतला. विंडसकडेही तेच पदक होतं, आधी घोडदळात असताना मिळालेलं. त्याचं थडगंही ब्रॅकेटव्हिललाच आहे, पण दुसऱ्या दफनभूमीत. हे मी गाडी सुरू केल्यावर सांगते. मग बहुतेक जण "वळव ना" म्हणतात.

गेल्या वर्षी मामंजी आले होते, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. बाकी पाहुण्यांसारखे फोटो काढत सुटले नाहीत. चारही दगडांसमोर टोपी काढून उभे राहिले, ओठ हलवत नावं वाचली. फॅक्टरपाशी थांबून म्हणाले, "याला पेन्शन मिळाली?"

अ‍ॅडमच्या खुनानंतर फॅक्टर नोकरी सोडून मेक्सिकोत निघून गेला होता. पुढे परत आला, पुन्हा भरती झाला. म्हातारपणी पेन्शन मागितली ती नाकारली गेली. १९२८मध्ये गेला.

"नाही मिळाली, मामंजी."

त्यांनी टोपी परत घातली नाही. एवढ्या उन्हात, गाडीपर्यंत हातातच धरली होती.