भडकल दरवाजा ते करणपुरा

औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, येणारे बहुतेक जण मकबरा, वेरूळ, अजिंठा करून परततात. मला यावेळी गावातच हिंडायचं होतं. बाहेरून आलेल्या माणसांनी हे शहर कसं वसवलं, ते मोहल्ल्यामोहल्ल्यातून विचारत टिपून घ्यायचं होतं.

सुरुवात भडकल दरवाजापासून केली, कारण शहराचीच सुरुवात एका परदेशी माणसापासून आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहात विकला जात दख्खनला पोचला. इथे तो निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी गाव वसवलं, तेच आजचं हे शहर, आणि मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला. आज त्याच्या भव्य कमानीखालून कितीतरी माणसं जातात, पण अंबरबद्दल दोन ओळी सांगू शकणारी थोडी. याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याची कबर खुलताबादला आहे. तिथेही गर्दी इतर दर्ग्यांवर.

अंबरने शहराला नहर, म्हणजे पाणी आणणारा कालवा, दिला. पुढे तशाच आणखी नहरी झाल्या, त्यांतली एक पाणचक्कीची. दूरच्या डोंगराकडचं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून येतं, उंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात कोसळतं. मी त्या भिंतीशी बराच वेळ उभा होतो. तुषार अंगावर येत होते, शेवाळलेल्या दगडांवरून पाणी ओघळत होतं. याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ दळलं जायचं. इथे ज्यांचा दर्गा आहे ते बाबा शाह मुसाफिर बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे. मध्य आशियातला माणूस इथे येऊन राहिला आणि आल्यागेल्याच्या भाकरीची सोय लावून गेला!

जुन्या शहरात शिरलो तेव्हा दुपार झाली होती. एका नानच्या भट्टीपाशी थांबलो. कारागीर पीठ थापून मोठ्या तंदूरच्या आतल्या भिंतीवर नान चिकटवायचा आणि तो खरपूस भाजला की सळईने बाहेर ओढायचा. वर हळदीचा सोनेरी रंग. "चाचा, हे कधीपासून?" मी विचारलं. "हमारे दादा के दादा भी यहीच करते थे. फौज का खाना है ये," ते म्हणाले. मोहम्मद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्याशी लोक नान-खलियाचं, म्हणजे नान आणि मटणाच्या रश्श्याचं, नातं जोडतात. कागदोपत्री पुरावा मला दाखवता येणार नाही, पण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेली गोष्ट नोंदवून ठेवलीच पाहिजे. सुती ताणा (उभे धागे) आणि रेशमी बाणा (आडवे धागे) असलेलं हिमरू कापड विणणाऱ्या घरांतही अशाच आठवणी आहेत, आणि हातमाग तर झपाट्याने कमी होत चालले आहेत.

संध्याकाळी करणपुऱ्यात पोचलो. मुघलांच्या चाकरीत दख्खनला आलेल्या राजपूत सरदारांच्या छावण्यांवरून इथले पुरे ओळखले जातात: जयसिंगपुरा, जसवंतपुरा, पदमपुरा. करणपुरा बिकानेरच्या राव कर्णसिंहाचा, तर पदमपुरा त्याचा मुलगा पदमसिंह याचा. राव कर्णसिंह १६६९ मध्ये याच शहरात वारला. नवरात्रात करणपुऱ्याच्या देवीच्या यात्रेला अख्खा जिल्हा लोटतो. खेड्यांतून आलेल्या बाया परडी घेऊन रांगेत उभ्या असतात, पोरं पाळण्यांत बसतात. बिकानेरच्या सरदाराचा पुरा आज त्यांच्यासाठी फक्त देवीचं ठिकाण आहे.

सिंधी कॉलनी राहिली. फाळणीनंतर सगळं सोडून आलेली ही कुटुंबं. त्यांच्यात सिंधमधलं घर डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता अगदी मोजकी उरली असणार. दरवाजे आणि नहरी नंतरही बघता येतील. पुढच्या खेपेला वही आणि रेकॉर्डर घेऊन आधी तिकडे जाणार आहे.