तुम्ही विचारलंत म्हणून: नीट दिसायला कधी लागलं?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये माझ्या उजव्या डोळ्यात भिंग ज्या पातळ पिशवीत असतं तिची मागची बाजू फाटली हे कळलं की सगळे हेच विचारतात, आणि बरेचदा विचारणाऱ्याच्या घरीही कुणाचं तरी तसंच झालेलं असतं. तारीख नाही सांगता येत हो, कारण मला एकदा चांगलं दिसायला लागलं आणि मग परत बिघडलं.

ती बाजू मधोमध जेमतेम ४ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) जाड असते. फाटली की डोळ्यातली मागची जेली पुढे येते, ती काढत बसावं लागतं, म्हणून ऑपरेशन लांबलं. नवीन कृत्रिम भिंग पिशवीच्या आत न बसवता तिच्या पुढच्या बाजूला टेकवलं.

पहिले काही दिवस कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाला, सूज. सकाळी उठलं की सगळं धुकट आणि दुपारपर्यंत बरंच साफ, मला वाटायचं रोज रात्री डोळा खराब होतोय, पण झोपेत पापण्या मिटलेल्या असल्यामुळे कॉर्नियातलं पाणी उडत नाही एवढंच ते. (दुपारी डुलकी काढली तरी तेच व्हायचं.) ती सूज ओसरली, तक्त्यावरच्या ओळी वाढल्या, मी खुश.

आणि पाचव्या आठवड्यात दाराची चौकट वाकडी दिसायला लागली! खूप रडले. ओसीटी स्कॅन (डोळ्याच्या आतल्या थरांचा फोटो) केला तर डोळ्यामागच्या पडद्याच्या मधल्या भागात सूज. पिशवी फाटली की हिची शक्यता वाढते आणि साधारण ४ ते ६ आठवड्यांनीच ती जास्त करून डोकं वर काढते, हे आधी कुणी सांगितलं असतं तर निम्मी भीती वाचली असती, राग आहे तो याचाच. फाटण्याचा नाही, ते चांगल्या हातूनही होतं. ड्रॉप्स जवळजवळ ३ महिने घातले. चौकट हळूहळू सरळ झाली, पण ‘आज झाली’ असा दिवस काही आठवत नाही.

तरी अक्षरं पुसट होतीच. मग डॉक्टरांनी बारीक भोकातून बघायला लावलं आणि खालच्या दोन ओळी वाचता आल्या, म्हणजे आता उरलाय तो फक्त चष्म्याचा नंबर. ऑपरेशनच्या टाक्याच्या ताणामुळे सिलिंडर (तिरकस नंबर) आला होता, टाका काढल्यावर चष्मा दिला. आता चष्म्याने ६/९.

आणि हो, डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. त्यात डोळ्यामागचा पडदा सुटलेला असू शकतो.