नारळ दिला, म्हणजे नेमकं काय दिलं?

मराठीत एखाद्याला नारळ देण्याचे दोन अर्थ होतात. खांद्यावर शाल घालून दिला तर सत्कार. नुसताच दिला तर नोकरी गेली. नारळ तोच, सोललेला, शेंडी राखलेला. फरक काय तो दीड-दोनशे रुपयांच्या शालीचा. इतकी बारीक रेघ सांभाळत आपल्याकडे रोज संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या सभागृहात कुणाला तरी काहीतरी प्रदान होत असतं. तर हे जे देतात, ते नक्की काय देतात?

शब्दांकडे बघितलं तर प्रत्येकाची चाल वेगळी. बक्षीस फारसीतून आलं, इनाम अरबीतून. दोन्ही वरून खाली येतात: देणारा गादीवर, घेणारा पायरीवर, आणि घेतल्यावर मुजरा. बिदागी गवयाची, तिच्यात निरोपही आहे, म्हणजे गाणं झालं, आता निघा. पारितोषिक परितोषातून आलं, पण तो परितोष देणाऱ्याचा. घेणाऱ्याला संतोष झाला की नाही, हे शब्द विचारतसुद्धा नाही. पुरस्कार त्यातला त्यात जबाबदार. पुरस् म्हणजे पुढे, पुरस्कार म्हणजे पुढे करणं. आपण एखाद्या मताचा पुरस्कार करतो तो याच अर्थाने. तेव्हा पुरस्कार देणाऱ्याने ‘आम्ही हे नीट पाहिलं, आणि आम्हाला हे पुढे करावंसं वाटतं’ एवढं तरी छातीठोक म्हणता यायला हवं. गोम सगळी त्या ‘नीट पाहिलं’मध्ये आहे.

कुस्तीच्या फडात ही अडचण कमी. जत्रेत दुपारी पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर आणि नारळावर सुरू होतात, मग रुपयांवर जातात, आणि दिवस कलताना मानाची कुस्ती लागते. पाठ टेकली की निकाल. हजार माणसं पंच असतात. 1961 पासून महाराष्ट्र केसरी ठरतो, त्याच्या खांद्यावर चांदीची गदा येते, आणि ती गदा बघून चांदी किती तोळे हे सहसा कुणी विचारत नाही. गुणांवर सुटलेल्या कुस्तीवर मात्र वर्षभर पारावर वाद चालतो. चितपट दिसते, गुण मोजावे लागतात. नाटक, कविता, वक्तृत्व, रांगोळी यांत तर पाठ टेकतच नाही. तिथे परीक्षक आले.

परीक्षकांनी काय पाहायचं आणि काय नाही, याचा आपल्याकडचा एक जुना दाखला आहे. पेशवाईत पुण्यात श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. राज्य गेल्यावर कंपनी सरकारने ती एका फटक्यात बंद केली नाही, हळूहळू आटवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्या पैशांतला काही भाग मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळला. त्यासाठी दक्षिणा प्राइज कमिटी नेमलेली होती. कल्पना उत्तम: पाठांतराऐवजी नवं लिखाण. पण 1855 साली जोतीराव फुल्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक या कमिटीकडे धाडलं आणि ते नापसंत ठरलं. कमिटीतल्या भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचं काही चाललं नाही, असं फुल्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलं. नाटक छापलं गेलं ते 1979 मध्ये. आज त्या कमिटीचं नाव निघतं ते बहुतेक वेळा तिने न दिलेल्या या बक्षिसामुळेच. बाकी कुणाकुणाला दिलं, हे अभ्यासकांना विचारावं लागतं.

गल्लीतल्या स्पर्धेत एवढं पक्षपाताचं राजकारण नसतं. तिथे घोळ होतो तो साध्या बेरजेचा. तीन परीक्षक, प्रत्येकाकडे शंभर गुण, बेरीज करायची, जास्त गुण तो पहिला. यात वावगं काय, असं वाटतं. आता हे बघा. पहिला परीक्षक गुणांत मोठं अंतर ठेवणारा: ‘अ’ला 85, ‘ब’ला 50. दुसरा थोडक्यात फरक करणारा: ‘अ’ला 66, ‘ब’ला 70. तिसरा त्याच्याच वळणाचा: ‘अ’ला 65, ‘ब’ला 70. बेरीज ‘अ’ 216, ‘ब’ 190. पहिला क्रमांक ‘अ’ला. पण तिघांपैकी दोघांच्या मते ‘ब’ सरस होता! ज्याने अंतर मोठं ठेवलं, त्या एकट्याचं मत बाकी दोघांपेक्षा जड झालं. उपाय सोपा आहे. गुणांवरून प्रत्येक परीक्षकाचे क्रमांक काढायचे आणि क्रमांकांची बेरीज करायची. ‘अ’ला 1, 2, 2 म्हणजे 5, ‘ब’ला 2, 1, 1 म्हणजे 4. कमी बेरीज तो वर. बरोबरी झाली तरच गुणांकडे वळायचं. चौथी-पाचवीचं गणित आहे, पण निकाल लावायला बसतात तेव्हा रात्रीचे साडेदहा झालेले असतात, अध्यक्षांची गाडी बाहेर उभी असते आणि कॅल्क्युलेटरवर बेरीजच आधी सुचते.

दुसरी खोड पहिल्या स्पर्धकाची. पुढे कोण येणार माहीत नसतं, म्हणून परीक्षक गुण हातचे राखून ठेवतो, आणि पहिल्या चिठ्ठीवाल्याचं नशीब तिथेच मार खातं. जाणते परीक्षक पहिल्या तीन-चार प्रवेशिकांचे गुण पेन्सिलीने लिहितात, अंदाज बसला की मागे येऊन शाई फिरवतात. आयोजकांनी गुणपत्रिकेबरोबर एक पेन्सिल आणि खोडरबर ठेवला तरी बराच न्याय होतो.

आणि कुणीच त्या योग्यतेचं नसेल तर? पुण्यात 1963 पासून चालत आलेल्या पुरुषोत्तम करंडक या महाविद्यालयीन एकांकिकांच्या स्पर्धेत 2022 साली परीक्षकांनी करंडक कुणालाच दिला नाही. ‘आव्वाज कुणाचा’ म्हणून घसे फोडणाऱ्या पोरांना ते लागणारच, आणि खूप बोललंही गेलं. तरी त्या निर्णयाने करंडकाचं वजन वाढलं असं म्हणायला जागा आहे. दरवर्षी न चुकता द्यावीच लागते ती दिवाळीची पोस्त. रिकामी राहू शकते ती जागा मिळवावी लागते.

याच्या बरोबर उलट टोकाला ‘उत्तेजनार्थ’. काय शब्द आहे! तिसऱ्याच्या खाली, रिकाम्या हाताच्या वर. चित्रकलेच्या स्पर्धेत ऐंशी मुलं असतील तर दोन-तीन उत्तेजनार्थ शोभतात, पोरं त्यावर महिनाभर तरंगतात. ऐंशीतली साठ उत्तेजनार्थ निघाली की उरलेल्या वीस जणांचं काय होत असेल, याचा विचार कुणी करत नाही. मग त्यांनाही सहभागाचं प्रमाणपत्र. सातवीतल्या पोरालासुद्धा कळतं की आपलं चित्र कुणी पाहिलं नाही, फक्त डोकी मोजली.

आता वस्तूकडे येऊ. दुकानात ती ‘मोमेंटो’ म्हणून मिळते, निमंत्रणपत्रिकेत सन्मानचिन्ह होते. एक जात दोन कानांच्या कपाची: पातळ पत्र्याला मुलामा दिलेला कप, मध्ये दांडा, खाली दगडी किंवा प्लास्टिकची बैठक, आणि या सगळ्यांतून वरपासून खालपर्यंत गेलेली एकच आटेरी सळई. बैठकीच्या तळाशी नट असतो. तो ढिला पडला की कप दांड्यावर भिरभिरतो, आणि छायाचित्राच्या वेळी नेमकी उलटी बाजू पुढे येते. कप पालथा घालून, तळाचा फेल्ट सोलून, पान्याने नट अर्धा फेरा आवळायचा. जास्त आवळला तर प्लास्टिकची बैठक तडकते. दुसरी जात अॅक्रिलिकची: लेझरने कापलेला पारदर्शक तुकडा, त्यावर छपाई. ही समारंभाआधी चकाचक करावी म्हणून कुणी स्पिरिटचा बोळा फिरवतो आणि कडांना केसासारख्या भेगा उमटतात. लेझरच्या उष्णतेने कडेला ताण राहिलेला असतो, स्पिरिट लागलं की तो भेगांनी मोकळा होतो. साबणाचं पाणी आणि मऊ फडकं, बस्स. तिसरी जात फिरत्या ढालीची. लाकडावर मधोमध मोठा पत्रा, भोवती दरवर्षीच्या विजेत्याची छोटी पट्टी. पंधरा-वीस वर्षांत पट्ट्यांची जागा संपते आणि मंडळात नवीन ढाल की मागच्या बाजूला पट्ट्या, यावर बैठक बसते.

पण सगळ्यात जास्त घात होतो तो नावात. नाव व्हॉट्सअॅपवर युनिकोडमध्ये येतं, छापणाऱ्याकडे बऱ्याचदा जुन्या वळणाचा फॉन्ट असतो, मधे एक कन्व्हर्टर बसतो. युनिकोडमध्ये ‘र्ण’चा र् ‘ण’च्या आधी असतो, जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षरानंतर, मात्रेच्याही नंतर टाकायचा असतो. उलटसुलट करताना कन्व्हर्टरला मात्रा ओलांडून उडी मारता आली नाही, तर कुलकर्णींचे ‘कुलकणीर्’ होतात. पहिली वेलांटी अशीच एक घर सरकते. ‘ॲ’ तर गायबच होतो. यावर यंत्राचा इलाज शोधू नये. छापण्याआधी पडद्यावरचा फोटो मागवावा आणि ज्याने नाव पाठवलं त्याने न तपासता तिसऱ्या माणसाला अक्षर-अक्षर मोठ्याने वाचायला लावावं; टंकणाऱ्याच्या डोळ्याला जे असायला हवं तेच दिसतं. जन्मभराच्या कामाचा गौरव करताय आणि माणसाचं नाव चुकलंय, तर गौरव नक्की कुणाचा झाला?

नावामागे काय लावायचं, हाही घोळच. राज्यघटनेच्या अठराव्या अनुच्छेदाने किताब बंद केले, आणि पद्म सन्मान हे किताब नव्हेत, म्हणून ते नावाच्या मागे-पुढे लावायचे नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये सांगितलं. आपल्या निमंत्रणपत्रिकांना हा निकाल अजून पोचायचा आहे.

मंचावर क्रम ठरलेला: शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ, सन्मानचिन्ह, मानपत्र, पाकीट. शालीची प्लास्टिकची पिशवी, आतला पुठ्ठा आणि टाचण्या आधीच काढून, चौघडी करून तबकात ठेवायची. नाहीतर प्रमुख पाहुणे माइकसमोर पिशवीचा चिकटपट्टा सोडवत बसतात आणि कुरकुर सभागृहभर ऐकू येते. नारळ हातात आला की लगेच पुष्पगुच्छ येतो, दोन्ही हात गुंततात आणि शाल एका खांद्यावरून घसरू लागते. म्हणून सत्कारमूर्तीच्या डाव्या हाताला एक रिकामा कार्यकर्ता हवा: आलेली वस्तू फोटो झाला की काढून घ्यायची, एवढंच त्याचं काम. नारळ टेबलावर कधीही मोकळा ठेवू नये. उतार असतोच, आणि भाषण रंगात आलं की तो निघतो.

या सगळ्या सरंजामात खरा ऐवज मानपत्रात असतो, आणि त्याच्याकडेच सर्वात कमी लक्ष जातं. आदल्या रात्री कुणीतरी लिहितं: अष्टपैलू, हरहुन्नरी, दिलदार, समाजाचं ऋण मानणारे. कसोटी अशी की नाव खोडून दुसऱ्याचं घालावं. मजकूर तसाच चपखल बसला, तर ते मानपत्र नाही, छापील फॉर्म आहे. दीडशे शब्द पुरतात, वाचायला दीड-दोन मिनिटं. त्यात एक तरी गोष्ट अशी हवी की जी फक्त त्याच माणसाची आहे: चाळीस वर्षं मुलांच्या वह्या हिरव्या शाईने तपासल्या, कारण लाल शाईला पोरं घाबरतात, गावातल्या विहिरींची पाण्याची पातळी दर अमावास्येला मोजून वहीत मांडली. असं वाक्य वाचलं गेलं की सत्कारमूर्ती मान वर करतो. तोवर तो नारळाकडे बघत असतो.

पुढे घरी पोचल्यावर प्रत्येकाची वाट वेगळी. शाल दुसऱ्या सत्काराला निघते, कधी कधी फिरत फिरत देणाऱ्याच्याच खांद्यावर परत येते. पुष्पगुच्छ दोन दिवस. सन्मानचिन्ह शोकेसमध्ये, मग शोकेसच्या वर, मग माळ्यावर. मुलामा उडाला की कप काळवंडतो आणि त्यात सुट्टे पैसे, रबरबँड, सेफ्टीपिना जमतात. मानपत्रात काही लिहिलेलं असेल तर ते फ्रेम होऊन भिंतीवर जातं. नारळ मात्र त्याच आठवड्यात फुटतो. घेताना कानाशी हलवून पाणी वाजतंय का बघितलेलं असलं, तर वड्या चांगल्या होतात.