व्हॅली ऑफ द गॉड्स: पिकअपच्या हौद्यात मुक्काम

फिनिक्सहून फ्लॅगस्टाफ, कायेंटा, मेक्सिकन हॅट असा रस्ता धरला की दक्षिण युटातली व्हॅली ऑफ द गॉड्स साधारण साडेतीनशे मैलांवर येते. तांबड्या दगडाचे सुळके शेजारच्या मॉन्युमेंट व्हॅलीसारखेच, गर्दी मात्र तिच्या पासंगालाही पुरणार नाही. जमीन बीएलएम या केंद्रीय खात्याची, त्यामुळे मुक्कामाला पैसे पडत नाहीत. तंबूवाल्यांना इथली जमीन त्रास देते: मेखा धड शिरत नाहीत आणि वारा सुटला की कापड रात्रभर फडफडतं. हौद्यात झोपणाऱ्याला दोन्हींशी देणंघेणं नाही. ऑक्टोबरच्या मध्यावरचा हा मुक्काम, गाडी टोयोटा टाकोमा, सहा फुटी हौदा, वर फायबरग्लासचा टॉपर (हौद्यावर बसवायचं खिडक्यांचं टणक छत), झोपणारी माणसं दोन.

टेप घेऊन सुरुवात करा. ‘सहा फुटी’ हौद्याची आतली लांबी ७३.७ इंच, म्हणजे १८७ सेंटिमीटर. पावणेसहा फुटी माणूस पाय ताणून झोपतो. ‘पाच फुटी’ हौदा ६०.५ इंचांचा, १५४ सेंटिमीटर. त्यात एकटा माणूस कर्णरेषेत मावतो, दोघं मावत नाहीत. फाळका (हौद्याचं मागचं, खाली पडणारं दार) उघडा टाकून त्यावर पाय सोडायचे हा उपाय आहे, पण फाळका आणि हौद्याचा तळ यांत फट आणि थोडी पायरी असते. ती फोमच्या तुकड्याने भरली नाही तर पोटऱ्यांना रात्रभर टोचते. शिवाय टॉपरची काच उघडी राहते, म्हणजे वारा आणि धूळ आत. (भारतातल्या इसुझू व्ही-क्रॉसचा हौदाही दीड मीटरच्या आतबाहेर आहे, तेव्हा तिथल्या मंडळींनाही हाच हिशोब.)

रुंदीत जास्त लोक फसतात. टाकोमात दोन चाकांवरच्या उंचवट्यांमधलं अंतर ४१.५ इंच. झोपायच्या हवेच्या पॅडची नेहमीची रुंदी २० इंच, ‘वाइड’ची २५. वीस-वीसचे दोन पॅड चपखल बसतात. पंचवीसचे दोन घेतलेत तर एकाची कड उंचवट्यावर चढते आणि त्यावरचा माणूस रात्रभर दुसऱ्याच्या अंगावर घरंगळतो. ऐसपैस झोपायचं तर फोर्ड एफ-१५० घ्या, तिथे हे अंतर ५०.६ इंच आहे. पण तिचा सगळ्यात खपणारा साडेपाच फुटी हौदा जेमतेम १७० सेंटिमीटर लांब. एक मिळतं, दुसरं जातं.

प्लायवूडचा प्लॅटफॉर्म, खाली खण, वर गादी हे चित्र फार मोहक दिसतं. दोन माणसांसाठी, छोट्या ट्रकमध्ये, आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. हौद्याची खोली १९ इंच, केबिनच्या उंचीचा टॉपर वर आणखी साधारण २० इंच देतो. प्लॅटफॉर्म उंचवट्यांच्या वर काढायचा तर १० ते १२ इंच तिथेच गेले, ३ इंच गादीचे. उरलेल्या दोन फुटांत उठून बसता येत नाही, कपडे बदलता येत नाहीत, कूस बदलताना खांदा छताला लागतो. सामान ठेवायला रात्री केबिन रिकामी असतेच. हौद्याच्या तळावर झोपा आणि खोके पुढच्या सीटवर ढकला.

तळावर झोपायचं तर थंडीचा बंदोबस्त आधी. जमीन निदान थोडी ऊब धरते. हौद्याच्या खालून वारा वाहतो आणि पत्रा किंवा प्लास्टिकचा तळ तासाभरात बाहेरच्या तापमानाला येतो. ऑक्टोबरात इथे दिवसा वीस-बावीस अंश सेल्सियस, पहाटे चार-पाच. स्लीपिंग बॅग कितीही जाड असली तरी पाठीखाली ती दबते आणि तेवढ्यात तिचा उपयोग संपतो. म्हणून क्रम असा: सगळ्यात खाली रबरी मॅट (ही ऊब देत नाही, फक्त पॅड सरकू देत नाही), तिच्यावर घडीचा बंद-पेशी फोम, साधारण आर-२ चा (आर म्हणजे थंडी अडवण्याचं माप, आकडा जितका मोठा तितकी ऊब जास्त), आणि त्यावर आर-४ चा हवेचा पॅड. आर-मूल्यांची बेरीज होते, म्हणजे सहा. शून्याच्या आसपास हे पुरतं. हवेचा पॅड फुटला तर रात्र काढायला खालचा फोम कामी येतो हा वरचा फायदा.

थंडी वाजते म्हणून टॉपरच्या काचा घट्ट लावून झोपणं ही नवख्यांची हमखास चूक. दोन माणसांच्या श्वासातली वाफ गार छतावर जमते आणि पहाटे थेंब तोंडावर पडायला लागतात. दोन्ही बाजूंच्या खिडक्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवा, समोरासमोर, म्हणजे हवा खेळते. एकच खिडकी उघडून भागत नाही. आत गॅसची शेगडी किंवा हीटर अजिबात लावायचा नाही आणि ऊब यावी म्हणून इंजिनही चालू ठेवायचं नाही: धुराचं नळकांडं हौद्याच्या मागच्या कोपऱ्याशीच असतं आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. सकाळी अंथरूण गुंडाळण्याआधी छत कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर तेच पाणी बॅगेत जातं.

आता रस्ता. खोऱ्यातून जाणारा कच्चा रस्ता १७ मैलांचा, पूर्वेला यूएस-१६३ ला आणि पश्चिमेला युटा-२६१ ला मिळतो. कोरडा असेल तर टू-व्हील ड्राइव्हही जाते. धूळ मात्र बेसुमार. पळत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि उडालेली लाल माती फाळक्याच्या फटींतून हौद्यात ओढली जाते. फाळक्याच्या तिन्ही कडांना, विशेषतः खालच्या दोन बिजागरीच्या कोपऱ्यांना, दाराला लावतात ती फोमची चिकटपट्टी लावा. तरीही अंथरूण झाकणाच्या प्लास्टिक खोक्यात किंवा जाड कचरापिशवीत बांधूनच न्या. टायरमधली हवा ३५ वरून २६-२७ पीएसआयवर आणली की खडखडाट बराच कमी होतो. डांबरी रस्त्यावर वेग घेण्याआधी ती परत भरायची, म्हणून पंप हवाच.

जागा निवडताना आधीच वापरात असलेली, चाकोऱ्या उमटलेली जागाच घ्यायची. नव्या मातीवर गाडी घालायची नाही. ओढ्याच्या पात्रात सपाट वाळू मोहात पाडते, तिथे मुक्काम नको. रिकामी पिकअप मागून जरा उंच असते, म्हणजे सपाट जागेवरही हौद्याचा तळ केबिनकडे उतरता. तेव्हा डोकं फाळक्याकडे, पाय केबिनकडे. उठून बाहेर पडायलाही तेच सोपं. डावं-उजवं मात्र नेमकं जुळवावं लागतं. अर्धी भरलेली पाण्याची बाटली तळावर आडवी ठेवा, पाणी ज्या बाजूला धावेल त्या बाजूच्या चाकांखाली इंचभर जाडीच्या फळ्या घालून गाडी वर घ्या, हँडब्रेक ओढा.

टॉपरची काच आतून उघडते का हे घरीच तपासा. बऱ्याच टॉपरची मूठ फक्त बाहेरून फिरते आणि बाहेरच्याने कुलूप लावलं तर आतला अडकतो. किल्ली रात्री एका ठरलेल्या जागी, उशाच्या कोपऱ्यात. रिमोटने लॉक केलेली केबिन सकाळी रिमोटनेच उघडायची, नाहीतर भोंगा अख्ख्या खोऱ्याला उठवतो. फाळक्याची उंची कमरेच्या आसपास येते, गुडघे दुखणाऱ्यांनी घडीचं स्टूल न्यावं. बूट बाहेर ठेवू नका, विंचू शिरतात. खाणं केबिनमध्ये, कारण उंदीर पिशव्या कुरतडतात.

खोऱ्यात पाणी नाही, संडास नाही, शेकोटीला बंदी आहे. पाणी माणशी दिवसाला एक गॅलन, मेक्सिकन हॅट किंवा ब्लफला भरून घ्या, पेट्रोलही तिथेच. मानवी विष्ठा जेलच्या पिशवीत बंद करून परत न्यावी लागते, त्या पिशव्यांना घट्ट झाकणाची वेगळी बादली ठेवा. भांडी घासायला पाणी घालवण्यापेक्षा दशम्या, लसणाची चटणी आणि चहापुरती शेगडी हा बेत उत्तम. रस्त्यातला मोठा पट्टा नवाहो नेशनचा, म्हणजे नवाहो आदिवासींच्या स्वायत्त प्रदेशाचा: तिथे दारू जवळ बाळगणं बेकायदेशीर, आणि परवान्याशिवाय रस्त्याकडेला गाडीत झोपायचं नाही. अ‍ॅरिझोना घड्याळं बदलत नाही, नवाहो नेशन आणि युटा बदलतात. ऑक्टोबरात फ्लॅगस्टाफ सोडल्यावर एक तास जातो. हे धरूनच निघा, कारण अंधारात सपाट जागा शोधणं फार कटकटीचं.

पश्चिम टोकाशी मोकी डगवे सुरू होतो: तीन मैल कच्ची वळणं, ११ टक्के चढ, १९५० च्या दशकात युरेनियमचं खनिज मेक्सिकन हॅटजवळच्या गिरणीपर्यंत आणायला केलेला रस्ता. २८ फुटांपेक्षा लांब गाड्यांनी जाऊ नये, असा सल्ला आहे. वर म्युली पॉइंटला देखावा अफाट, पण उंची सहा हजार फुटांवर, वारा उघडा. तिथे झोपायचं तर पांघरुणाचा एक थर वाढवा. खोऱ्यात जागा न मिळाल्यास गूसनेक्स स्टेट पार्क जवळच आहे, शुल्क भरावं लागतं पण संडास मिळतो.

पावसाची चिन्हं दिसली तर रात्रीच बाहेर पडा. इथली माती भिजली की साबणासारखी होते, फोर-व्हील ड्राइव्हही तिच्यावर घसरतो. पूर्वेच्या तोंडाशी लाइम क्रीकचं पात्र ओलांडावं लागतं, तिथे पाणी आलं असेल तर गाडी घालू नका. एकदा पडून गेला असेल तर ऊन येऊन रस्ता वाळेपर्यंत जागेवरच थांबायचं. म्हणून एका दिवसाचं जास्तीचं पाणी आणि खाणं गाडीत असलंच पाहिजे.